पाच आठवड्यांनी गुडघा ८५ वर अडला: जोर वाढवायचा की हात आवरायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. आई ६६ वर्षांच्या, एक गुडघा बदलून पाच आठवडे झालेत. गुडघा ८५ डिग्रीपर्यंत वाकतो आणि सरळ करताना १० डिग्री कमी पडतो. आठवड्यातून दोनदा फिजिओकडे नेता. तिथे पालथं झोपवून दाबून वाकवतात, त्या रडवेल्या होतात, रात्रभर ठणका लागतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म. घरात एक जण म्हणतो, आत्ता दाबलं नाही तर कायमचा आखडेल. दुसरा म्हणतो, महिनाभर विश्रांती द्या. तुम्ही विचारताय, खेपा दोनाच्या पाच कराव्यात का?

खेपा वाढवून हे सुटेल असं मला वाटत नाही. आठवड्याचे तास १६८. दोनाच्या पाच खेपा केल्या तरी १६० हून अधिक तास गुडघा घरीच असणार, आणि तो तिथे कसा ठेवला जातो यावर बरंच ठरतं. दुसरं म्हणजे, तुमच्या मजकुरात ८५ हा आकडा चारदा आलाय आणि १० एकदाच. मला या दोघांत १० ची काळजी जास्त वाटते.

आता हात लावल्याशिवाय जे सांगता येत नाही ते. ऑपरेशनच्या आधी गुडघा किती वाकत होता आणि किती सरळ होत होता, हे मला माहीत नाही. नंतर किती वाकेल याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज त्या जुन्या आकड्यावरूनच येतो. आधी ९५ वाकणाऱ्या गुडघ्याकडून १२५ मागणं अन्याय आहे. दुसरा गुडघाही झिजलाय का, मधुमेह किंवा पाठीचं दुखणं आहे का, सर्जनने पायावर वजन टाकण्याबाबत काही बंधन घातलंय का, यांवरही तपशील बदलतात. खाली लिहितेय ते पहिल्यांदाच झालेल्या, गुंतागुंत नसलेल्या आणि जखम भरलेल्या गुडघ्यासाठी आहे.

१० डिग्रीची एवढी चिंता का? सपाट रस्त्यावर चालताना पाय पुढे घेण्यापुरता गुडघा साधारण ६०-६५ डिग्री वाकला की भागतं. जिना चढ-उतार आणि खुर्चीतून उठणं ८५ ते १०५ च्या आसपास होतं. म्हणजे आईंचा गुडघा वाकण्यात मागे आहे, पण हातातून गेलेला नाही. सरळ होण्यात मात्र अशी सवलत मिळत नाही. टाच टेकताना गुडघा जवळजवळ ताठ हवा. दहा डिग्री वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहायचं तर मांडीचा पुढचा स्नायू एक क्षणही सुटत नाही, सतत ताणून धरावं लागतं. पाय वापरताना आखूड पडतो, लंगड येते, कंबर धरते, मांडी लवकर दमते. वाकणं पुढचे कित्येक महिने सुधारत राहतं. सरळ होण्यातली तूट पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत भरून काढली नाही तर सांध्याच्या मागच्या बाजूचं आवरण आणि स्नायू आखडून बसतात आणि पुढे ते काम फार जड जातं.

आणि ही तूट बहुतेक वेळा घरात तयार होते. सुजलेल्या गुडघ्याला साधारण ३० डिग्री वाकलेली स्थिती सगळ्यात आरामाची, कारण तिथे आतल्या पाण्याचा दाब कमी असतो. म्हणून प्रत्येक जण गुडघ्याखाली उशी मागतो, आणि घरचे मायेने ती देतात. रात्रीचे आठ तास उशी आणि फिजिओकडे पाच मिनिटं ताणणं, यात कोण जिंकणार ते उघड आहे. ती उशी आजच काढा. पाय उंच ठेवायचा असेल तर आधार पोटरी आणि टाचेखाली हवा, गुडघ्यामागे काही नको.

सरळ करण्याचा मुख्य व्यायाम दिसायला अगदीच साधा आहे, म्हणून लोक तो टाळतात. पाठीवर झोपायचं, टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवायची, पोटरी आणि गुडघा अधांतरी. गुडघा स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्यायचा. सुरुवात ५ मिनिटांनी, चार-पाच दिवसांत १० ते १५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मागे ताण जाणवायला हवा, दहापैकी तीन-चार इतका. जीव मुठीत धरायला लावणारा नको. दुखलं की स्नायू आवळतात आणि आवळलेल्या पायाला ताण बसतच नाही. इथली नेहमीची चूक मात्र डोळ्यांनी बघावी लागते: दोन मिनिटांत पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडतं, त्याबरोबर मांडी फिरते आणि गुडघा गुपचूप वाकतो. आपण समजतो ताण चाललाय. गुडघ्याची वाटी आणि पायाची बोटं छताकडेच हवीत. पाऊल कलंडत असेल तर बाहेरून एक उशी लावा.

त्याच स्थितीत, उठण्याआधी, मांडी आवळण्याचे दहा प्रयत्न: गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबायची, ५ सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. मिळवलेली डिग्री स्नायूला वापरता आली नाही तर ती संध्याकाळपर्यंत परत जाते. म्हणून आम्ही सरळ होण्यातल्या तुटीचे दोन आकडे घेतो. एक, दुसऱ्याने पाय धरून सरळ केल्यावरचा. दुसरा, रुग्णाने स्वतः सरळ करून पाय उचलल्यावरचा. पहिला ३ आणि दुसरा १२ आला, तर आखडणं कमी आणि स्नायूची कमजोरी जास्त. दोन्ही १० आले, तर मागचं आवरण अडलंय. उपाय वेगवेगळे असल्यामुळे तुमच्या फिजिओंना हे दोन्ही आकडे जरूर विचारा.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. दुसरा गुडघाही वर्षानुवर्षं वाकलेला असेल, तर ऑपरेशनचा पाय सरळ झाला की तो लांब वाटतो. मग दोन्ही पाय सारखे करायला शरीर नवीन गुडघा मुद्दाम वाकवून उभं राहतं. अशा वेळी दुसऱ्या पायाच्या चपलेत थोडी उंची देऊन बघावं लागतं. किती, ते मापूनच ठरवायचं.

आता सूज. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत खटकतंय ते हेच: दाबलं, सुजला, पुन्हा दाबलं. निरोगी गुडघ्यात नुसतं २० ते ३० मिलिलिटर पाणी भरलं, तरी मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावतो. ५०-६० वर गेलं की पुढचा मोठा स्नायूही. सांध्यातून निघणारा संदेश पाठीच्या कण्यात पोचतो आणि तिथून स्नायूचा पुरवठाच बंद केल्यासारखा होतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीची ताकद आधीच्या निम्म्याच्याही खाली जाते, आणि तिचा मोठा वाटा स्नायू झिजल्यामुळे जात नाही, तो असा चालूच न झाल्यामुळे जातो. त्यामुळे रुग्णाला ‘जोर लावा, आळस करू नका’ म्हणणं फुकट आहे. जोर लावायची तारच सैल आहे. दाबून वाकवल्यावर त्या दिवशी पाच डिग्री मिळतात, रात्री पाणी भरतं, दुसऱ्या दिवशी पाच डिग्री जातात आणि जाताना मांडीही घेऊन जातात.

सूज मोजता येते. शिवणकामाची टेप घ्या. सकाळी उठल्याबरोबर, झोपलेल्या अवस्थेत, पाय होईल तितका सरळ ठेवून वाटीच्या बरोबर मधोमध घेर मोजा आणि लिहून ठेवा. दुसऱ्या गुडघ्याचा एकदा मोजा, तुलनेला. आदल्या सकाळपेक्षा घेर १ सेंटिमीटर किंवा जास्त वाढला असेल, तर कालचं काम जास्त झालं. त्या दिवशी व्यायाम निम्मा करा, बंद करू नका. घेर तसाच असेल आणि दुखणं रात्रीत बसलं असेल, तर काल जे झालं ते योग्य होतं, भले करताना दहापैकी चार-पाच दुखलं असेल. ‘दुखलं म्हणजे वाईट’ आणि ‘दुखल्याशिवाय होत नाही’ या दोन्ही वाक्यांपेक्षा मला हा टेपचा आकडा जास्त पटतो.

सूज उतरायला बर्फ, पातळ कापडावरून १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि व्यायामानंतर नक्की. पाय वर घ्यायचा तो टाच छातीच्या पातळीच्या वर जाईल इतका. स्टुलावर पाय ठेवून बसलं की झालं असं नाही. खुर्चीत पाय खाली सोडून एका वेळी अर्ध्या-पाऊण तासाच्या वर बसू देऊ नका. दिवसभर घरात ‘थोडं थोडं’ उभं राहून केलेली कामंही सूज वाढवतात, आणि हिशेबात कधीच धरली जात नाहीत.

वाकवण्याचं म्हणाल तर हात आवरा, पण थांबू नका. महिनाभर विश्रांती हा सल्ला चुकीचाच आहे. आतले चिकटे, म्हणजे सांध्यातले एकमेकांना चिकटून बसणारे थर, याच काळात घट्ट होतात. पद्धत बदला. आई खुर्चीत बसतील, पाऊल जमिनीवर सरकवत मागे नेतील, चांगला पाय वरून आडवा टाकून त्याने हळूच मागे ढकलतील. २०-३० सेकंद धरायचं, ढिलं करायचं, आठ-दहा वेळा. ताबा त्यांच्या स्वतःच्या पायाकडे असल्यामुळे भीती नसते आणि स्नायू उलटा आवळत नाही. मग पाऊल तिथेच रोवून बूड खुर्चीत दोन बोटं पुढे सरकवायचं, आणखी ३-४ डिग्री मिळतात. त्या बाजूचं बूड खुर्चीवरून उचललं जाऊ देऊ नका. तसं झालं की आकडा वाढल्यासारखा दिसतो, गुडघा मात्र तिथेच असतो. एकेका बैठकीला पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा बैठका. अर्ध्या तासाच्या एका दणक्यापेक्षा हे कितीतरी सोसतं. वेदनाशामक गोळी चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली वेळ सांभाळून ती मोठ्या बैठकीच्या अर्धा-पाऊण तास आधी पडेल असं बघा.

प्रगती बघायला गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लागत नाही. खुर्ची भिंतीला टेकवून पक्की करा, अंगठ्याचं टोक जिथे पोचतं तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावून तारीख टाका. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच खुर्चीत. पट्टी बोटभर जरी मागे गेली तरी आईंना ती दिसते, आणि दिसलेल्या गोष्टीवर विश्वास बसतो.

आणि ८५ कुठल्या स्थितीत मोजलंय ते विचारा. मांडीच्या पुढच्या स्नायूचा एक भाग खुब्यावरून जातो. पालथं झोपल्यावर तो दोन्ही टोकांनी ताणला जातो, त्यामुळे पालथं ८५ असलेला गुडघा बसून ९० च्या पुढेही जाऊ शकतो. एकदा बसून, एकदा पालथं मोजून तुलना केली तर घबराटीखेरीज हाती काही लागत नाही. याच कारणासाठी पाचव्या आठवड्यात पालथं झोपवून दाबणं मी टाळते. सुजलेल्या सांध्यावर आणि आखडलेल्या स्नायूवर एकदम ओढ पडते.

वाटी हलते का तेही बघून घ्या. पाय सरळ आणि मांडी ढिली असताना अंगठ्याच्या पेरांनी वाटी वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायची, एक-दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. वाटी खाली सरकत नसेल तर गुडघा वाकणार कसा? हे करायचं ते जखम पूर्ण सुकली असेल, खपली गेली असेल तरच. व्रणावरची चामडी खालच्या थराला चिकटली असेल तर तीही याच वेळी बोटाने हलकी फिरवून सुटी करायची. पहिल्या दोन-तीन वेळा फिजिओंकडून शिकून घ्या.

स्थिर सायकल असेल तर सीट उंच ठेवून नुसतं पुढे-मागे झुलवायचं, अडेल तिथून परत. पूर्ण फेरी साधारण १०५-११० वाकल्याशिवाय बसत नाही, आणि बसते तेव्हा आधी उलट्या दिशेने बसते. ब्रेकचा भार शून्य.

मांडीच्या ताकदीकडे अजून आलेच नाही, आणि बहुतेक घरी तिथपर्यंत येतच नाहीत. पाचव्या आठवड्यातही घोटे हलवणं आणि पाय सरळ उचलणं एवढंच चालू असेल, तर तो कार्यक्रम पहिल्या आठवड्याचा आहे. आता उठबस हवी: बसकण साधारण ५० सेंटिमीटर उंच होईल अशी खुर्ची, गरज असेल तर वर उशी, हात शक्यतो न लावता १० वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. उठताना बहुतेक सगळे ऑपरेशनचा पाय पुढे सरकवतात आणि सगळं वजन दुसऱ्या पायावर घेतात. महिनोन्‌महिने करा असं, नवा पाय काडीचाही सुधारणार नाही. दोन्ही पावलं एका रेषेत हवीत. घरात दोन वजनकाटे असतील तर प्रत्येक पायाखाली एक ठेवून बघा, फरक आकड्यात दिसतो. मग पायरी चढणं: १० सेंटिमीटर, नंतर १५, नंतर २०, ऑपरेशनचा पाय वर ठेवून त्याच्याच जोरावर. आणि जड टेबलाच्या पायाला रबरी पट्टा बांधून गुडघ्यामागून घ्यायचा, उभं राहून गुडघा शेवटच्या टप्प्यात ताठ करायचा, १५ च्या तीन फेऱ्या. सरळ होण्याची मिळवलेली डिग्री यानेच टिकते. मापदंड असा ठेवा: शेवटच्या दोन-तीन वेळा खरंच जड गेल्या पाहिजेत. विसाव्या वेळीही गप्पा मारता येत असतील तर भार वाढवा. वजनाने नवा सांधा निखळेल ही भीती सोडा. सिमेंटने बसवलेला असेल तर ते ऑपरेशन टेबलवरच काही मिनिटांत घट्ट झालेलं असतं.

मांडी अजिबात आवळत नसेल तर विजेच्या उत्तेजनाने स्नायू आकुंचित करण्याचं यंत्र उपयोगी पडतं. पण त्यात मांडी ठसठशीत आवळलेली दिसली पाहिजे. नुसत्या मुंग्या येतात ते दुखणं कमी करण्याचं वेगळं यंत्र. पेसमेकर असेल तर यातलं काही नको. आणि पाय आपोआप वाकवणारं यंत्र भाड्याने आणण्याचा विचार असेल तर पैसे वाचवा: अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने साध्या, पहिल्या ऑपरेशननंतर ते वापरू नका असंच म्हटलंय. भारदार ताकदीचे व्यायाम लवकर सुरू करा, असंही त्याच मार्गदर्शिकेत आहे.

चालण्याबद्दल थोडक्यात: काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात, मूठ मनगटाच्या रेघेइतकी उंच. लंगड असेपर्यंत काठी सोडायची घाई नको. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

मग फिजिओकडच्या दोन खेपांचं काय? त्या दोनच राहू द्या, कामाचं स्वरूप बदला. तिथे मोजमाप व्हावं, हाताने करायची गोष्ट (वाटी, मागचं आवरण) व्हावी, भार वाढवला जावा आणि घरची पद्धत तपासली जावी. तासभर नुसते शेक आणि मशीन लावून ठेवत असतील, किंवा एकाच वेळी पाच जणांना एकच तक्ता असेल, तर रोज जाऊनही उपयोग नाही. भांडायला जाऊ नका. टेपचे आकडे दाखवा आणि सांगा, ‘दाबल्याच्या दुसऱ्या दिवशी घेर इतका वाढतो, दुसरी पद्धत करून बघूया का?’ चांगला फिजिओ हे ऐकतो. तीन आठवड्यांनीही वाकण्याचा आणि सरळ होण्याचा असे दोन्ही आकडे हलले नाहीत तर मात्र तिसऱ्या खेपेचा आणि दुसऱ्या मताचा विचार करा.

सर्जनची सहाव्या आठवड्याची भेट आता आलीच असेल. वाकणं ९० च्या खालीच अडून राहिलं तर भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा पर्याय ते मांडतील. ते साधारण सहा ते बारा आठवड्यांत करतात. तीन महिन्यांनंतर चिकटे पक्के होतात, मिळकत कमी आणि धोका जास्त. त्यामुळे ‘बघू, बघू’ म्हणत चौथा महिना उजाडू देऊ नका. तो पर्याय घेतलाच, तर व्यायाम त्याच दिवशी सुरू व्हावे लागतात, नाहीतर मिळालेलं आठवड्यात जातं.

काही लक्षणांत मात्र व्यायामाचा विचारच करायचा नाही. पोटरी एका जागी दुखते, कडक होते, पाय अचानक जाड होतो. जखमेतून स्राव येतो, लाली पसरत जाते, ताप आणि थंडी वाजते. कालपर्यंत उचलता येणारा पाय आज अजिबात उचलत नाही. यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी सर्जनला कळवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत न्या. रक्ताची गुठळी वाट बघत नाही.

याउलट व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणं, चालताना आत टकटक होणं, संध्याकाळी गुडघा कोमट लागणं, हे सगळं नेहमीचं. बधिरपणा चामडीतली एक बारीक नस कापली गेल्याने येतो, हळूहळू कमी होतो, एखादा पट्टा कायमही राहतो. टकटक धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागल्याची. कोमटपणा सहा महिने राहिला तरी घाबरू नका. अंगात ताप नाही आणि टेपचा आकडा चढत नाही एवढं बघत राहा.